क्लिनिकल पोस्टिंगचे मार्क: बघून द्यायचे, आठवून नाही

नर्सिंगच्या मुली ठरावीक आठवडे एका वॉर्डात काम करून शिकतात, ते पोस्टिंग. त्या कामाचे, म्हणजे क्लिनिकलचे, मार्क दोन प्रकारे देता येतात, बघून किंवा आठवून. बऱ्याच ठिकाणी ते आठवूनच दिले जातात. पोस्टिंग संपायच्या शनिवारी इव्हॅल्युएशन फॉर्मची चळत समोर येते. वक्तशीरपणा, वागणूक, ज्ञानाचा वापर असे रकाने असतात आणि पेन आपोआप चारवर जातं. जिचं नाव वाचून चेहराच डोळ्यांसमोर येत नाही तिला साडेतीन. जी एकदा उलट बोलली तिलाही साडेतीन. बेरीज सगळ्यांची ३८ ते ४२. वरवर पाहता कुणावर अन्याय झालेला नाही. प्रत्यक्षात जी मुलगी महिनाभर पेशंटजवळ उभी राहून शिकली तिच्यावर झालाय, आणि जिला रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी) पोटातच गेलीय का हे तपासता येत नाही तिच्या पुढच्या पेशंटवरही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात सत्रपद्धत आली. त्यात क्लिनिकलचं १ क्रेडिट म्हणजे ८० तास. अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंगच्या पहिल्या भागाला ६ क्रेडिट, म्हणजे ४८० तास वॉर्डात. त्या विषयाच्या प्रॅक्टिकलला ५० मार्क अंतर्गत आणि ५० अंतिम परीक्षेचे, पास व्हायला ५० टक्के. इतक्या तासांचा हिशेब एका दुपारी आठवणीवर करणं बरोबर नाही, हे पटायला अवघड जाऊ नये. अवघड आहे ते दहा मुली, एक ट्यूटर (वॉर्डात शिकवणारी शिक्षिका) आणि भरलेला वॉर्ड एवढ्यात हे जमवणं. पुढची पद्धत त्याच गणितात बसवलेली आहे. जीएनएम आणि एएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमा-सर्टिफिकेट कोर्सनाही ती तशीच चालते.

पहिली पायरी: काय बघणार ते पोस्टिंगआधी ठरवा

कॉलेजच्या फॉर्मवर वीस-पंचवीस निकष असतात. चार आठवड्यांत दहा जणींचे ते सगळे कुणालाच बघता येत नाहीत, त्यामुळे न बघितलेले रकानेही भरले जातात. फॉर्म बदलणं आपल्या हातात नसेल, पण त्यातलं काय प्रत्यक्ष बघायचं हे आपल्या हातात असतं. त्या पोस्टिंगसाठी सहा-सात कामं निवडा. मेडिसिन वॉर्ड असेल तर टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी, तोंडावाटे औषध, आयव्ही फ्लुइड (सलाईन) लावून त्याचा वेग ठरवणं, इनटेक-आउटपुट चार्ट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली त्याची नोंद), पडून असलेल्या पेशंटची त्वचा आणि पोझिशन, पेशंटला किंवा नातेवाइकाला काहीतरी समजावून सांगणं, आणि ड्युटी संपताना दिलेला ओव्हर, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या नर्सला पेशंटची तोंडी दिलेली माहिती. ओव्हर मी कधीच सोडत नाही. मुलीला पेशंट किती कळलाय ते दोन मिनिटांच्या ओव्हरमध्ये जितकं दिसतं तितकं तीस पानांच्या केस स्टडीतही दिसत नाही.

या कामांतल्या काही गोष्टींना मार्क नसतातच, त्या चुकल्या की ते काम त्या दिवशी बाद. पेशंटची ओळख दोन खुणांनी पटवणं ही त्यातली पहिली. पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक चालेल, बेड नंबर चालणार नाही. आपल्या वॉर्डात 'बारा नंबरचं इंजेक्शन' असं बोलायची सवय सगळ्यांना असते आणि सकाळी राउंडनंतर बारा नंबरवर दुसराच पेशंट आलेला असतो. दोन पाटील एकाच रांगेत असले तर विचारूच नका. त्याखेरीज हात स्वच्छ करणं, अ‍ॅलर्जी विचारणं, निर्जंतुक वस्तूला हात लागला तर ती बदलणं, सुईला पुन्हा टोपण न लावता ती थेट पांढऱ्या डब्यात टाकणं, आणि जे केलं तेच आणि तेवढंच चार्टवर लिहिणं.

ही यादी पहिल्या दिवशी ओरिएंटेशनला मुलींच्या हातात द्या. गुपित ठेवून काहीही साधत नाही. 'आधीच सांगितलं तर सगळ्या नीट करतील' असं एक ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या होत्या. मग बरंच की!

दुसरी पायरी: मोजपट्टी शब्दांत लिहा

पाचपैकी तीन म्हणजे काय हे लिहिलेलं नसेल तर प्रत्येक ट्यूटरचा तीन वेगळा असतो. यावर कॅथलीन बॉन्डी या अमेरिकन नर्सिंग शिक्षिकेने १९८३ मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची पट्टी मला अजूनही सगळ्यात कामाची वाटते, कारण ती एक साधा प्रश्न विचारते: हे काम सुरक्षित आणि नीट व्हायला तुम्हाला किती बोलावं लागलं, किती हात घालावा लागला?

बीपीचंच घेऊ. मुलगी पेशंटला पाच मिनिटं शांत बसवते, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालीय का विचारते (आजींना मिशेरीचं वेगळं विचारावं लागतं, त्या ती तंबाखूत धरत नाहीत), दंडाच्या मापाचा कफ घेते, हात हृदयाच्या पातळीला टेकवते, आधी नाडीवरून वरचा आकडा अंदाजते, सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या गतीने हवा सोडते, आणि १७० च्या वर आकडा आला तर लिहून गप्प न बसता सिस्टरांना सांगते. हे सगळं होईपर्यंत तुम्ही तोंड उघडलं नाही, तर ती 'स्वतंत्र', पाच मार्क. एखाद-दोन वेळा 'हात कुठं टेकलाय?' इतकंच म्हणावं लागलं तर 'देखरेखीखाली', चार. पायरीपायरीला आठवण करून द्यावी लागली आणि कफ एकदा आपणच बांधून दिला तर 'साहाय्याने', तीन. सतत बोलावं लागलं, पुन:पुन्हा हात घालावा लागला तर 'काठावर', दोन. सगळं आपणच केलं, ती नुसती उभी होती, तर 'परावलंबी', एक.

या पट्टीत एक खाच आहे. पहिल्या सत्रातली मुलगी तिसऱ्याच दिवशी 'साहाय्याने' करत असेल तर ती अगदी जागेवर आहे, आणि सातव्या सत्रातली तेच करत असेल तर काळजीचं कारण आहे. म्हणून प्रत्येक कामापुढे या सत्रात किमान अपेक्षित पायरी कोणती तेही लिहून ठेवा. नाहीतर पहिल्या वर्षाच्या सगळ्या नापास आणि शेवटच्या वर्षाच्या सगळ्या हुशार दिसतात.

जाता जाता, वॉर्डात बटण दाबायचं डिजिटल मशीन असेल तर कफ आणि स्थिती सोडून बाकीचं काय तपासणार, हे आधीच ठरवा. बटण दाबल्याचे पाच मार्क देऊ नका.

तिसरी पायरी: शिकायचे दिवस आणि मार्कांचे दिवस वेगळे

ज्या क्षणी शिकवतो त्याच क्षणी मार्क देत राहिलं की मुली प्रश्न विचारणं बंद करतात. 'मॅडम, मला हे येत नाही' हे वाक्य वॉर्डात सगळ्यात मोलाचं, आणि मार्क जातील या भीतीने पहिलं तेच गायब होतं. पहिला आठवडा बिनमार्कांचा आहे असं मी स्वच्छ सांगते. त्या आठवड्यात चुकलं तर फक्त दुरुस्त करायचं; पेशंटला धोका असेल तर अर्थातच तिथेच थांबवायचं.

दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येकीची आठवड्याला दोन निरीक्षणं, दहा ते पंधरा मिनिटांची. गणित करून बघा: दहा मुली, दोन-दोन निरीक्षणं, पंधरा मिनिटं धरली तर आठवड्याला पाच तास. सहा मॉर्निंग ड्युटींत दिवसाला एक तासाहूनही कमी. चार आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये प्रत्येकीची सहा निरीक्षणं होतात. एका लांबलचक परीक्षेपेक्षा वेगवेगळ्या पेशंटवरची अशी छोटी निरीक्षणं खरं चित्र जास्त दाखवतात, कारण एखादा पेशंट चिडका निघाला किंवा एखाद्या दिवशी मुलीलाच ताप असला तर तो दिवस एकटा निकाल ठरवत नाही.

निरीक्षणाआधी 'आता मी मार्कांसाठी बघतेय' असं सांगा. आणि पेशंटची परवानगी घ्या, हे विसरायला होतं.

चौथी पायरी: बेडजवळच लिहा

सगळ्या पद्धतीचा जीव इथे आहे. खिशात मावेल अशी वही ठेवा, प्रत्येक मुलीला चार पानं. निरीक्षण झालं की वॉर्डातून बाहेर पडायच्या आत तीन ओळी: तारीख-वेळ-काम, काय दिसलं, कोणती पायरी.

'काय दिसलं' लिहिताना हात लगेच विशेषणांकडे जातो. 'आत्मविश्वास कमी', 'निष्काळजी', 'छान काम करते'. यातून तीन आठवड्यांनी काहीही कळत नाही आणि मुलीने विचारलं तर दाखवायलाही काही नसतं. त्याऐवजी असं लिहा:

'१०.४०. आयव्ही. ऑर्डर ५०० मिली, ८ तासांत. सेटवर २० थेंब म्हणजे १ मिली हे स्वतः वाचलं. हिशेब कागदावर केला: ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, २१ थेंब. पूर्ण मिनिट मोजून लावलं. पेशंटचा हात कोपरात दुमडला की वेग बदलतो हे लक्षात आलं नाही, मी हात सरळ करायला सांगितल्यावर पुन्हा मोजलं. बाटलीवर वेळ लिहिली. देखरेखीखाली, ४.'

आणि दुसरी नोंद, त्याच दिवशीची:

'११.१५. आयव्ही. थेंब "अंदाजे वीसेक" म्हणाली. सेटवरचा आकडा कुठे असतो ते माहीत नाही. मी हिशेब करून घेतला, वेग मी लावला. पेशंटशी मात्र बोलली, सुईच्या जागी दुखतंय का विचारलं, सूज पाहिली. काठावर, २.'

दुसऱ्या नोंदीतलं 'मात्र' महत्त्वाचं आहे. मार्क दोनच, पण तिला काय शिकवायचं आणि काय येतं हे दोन्ही कागदावर आलं. ही वही कुलपात ठेवा आणि पेशंटचं नाव त्यात लिहू नका.

पाचवी पायरी: संधी सारखी नव्हती हे हिशेबात धरा

एका मुलीला चार स्ट्रोकचे, पूर्ण अंथरुणाला खिळलेले पेशंट. दुसरीला डिस्चार्जच्या वाटेवरचे, डबा खात बसलेले. पहिलीची धावपळ दिसते, घामही दिसतो. दुसरी रिकामी वाटते. कॅथेटर घालायची संधी महिन्यातून दोनदा येते आणि ती बहुधा पुढे पुढे करणारीला मिळते.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: भिंतीवर एक तक्ता, आडव्या रांगेत मुली, उभ्या रांगेत कामं, झालं की खूण. दर सोमवारी पेशंट वाटताना तो तक्ता बघून वाटायचे. ज्या कामाची संधी वॉर्डात आलीच नाही ते स्किल लॅबमध्ये मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) बघा आणि 'लॅबमध्ये' असं लिहा. संधी नाही म्हणून शून्य देणं किंवा संधी नाही म्हणून सगळ्यांना सरासरी देणं, दोन्ही खोटं.

वॉर्डच्या सिस्टरांना विचारा, पण नीट

ट्यूटर चार तास असते, सिस्टर इन्चार्ज सगळी ड्युटी बघतात. त्यांचं मत घ्यायलाच हवं. पण 'ती कशी आहे हो?' असं विचारलं तर 'चांगली आहे, पोरगी गरीब आहे' असं उत्तर मिळतं. जिने सिस्टरांची रजिस्टरं आखून दिली, औषधं आणून दिली तिची तारीफही मिळते. ते काम उपयोगाचं असलं तरी नर्सिंगचे मार्क त्यावर मिळत नाहीत. म्हणून तीनच प्रश्न: या आठवड्यात तिने पेशंटमधला बदल स्वतः येऊन सांगितला असं एखादं उदाहरण आठवतं का? तिने केलेलं काम तुम्हाला पुन्हा करावं लागलं का, कोणतं? तुमच्या माघारी तिला या रांगेवर ठेवाल का? उत्तरात उदाहरण आलं तरच वहीत नोंद करा. वॉर्डातल्या मावशी आणि मामांकडूनही (आया आणि वॉर्डबॉय) पुष्कळ कळतं, विशेषतः पेशंटशी बोलण्याची रीत. ते ऐकावं, स्वतः जाऊन बघावं, पण ऐकीव गोष्टीला मार्क देऊ नयेत.

आपला हात कुठे घसरतो

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं की लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसाला एका गुणात वर धरत असले तर बाकीच्या गुणांतही वरच धरतात, मग त्या गुणांचा एकमेकांशी संबंध असो-नसो. युनिफॉर्म कडक इस्त्रीचा, आंबाडा नीट, 'गुड मॉर्निंग मॅडम' स्पष्ट. की ड्रेसिंगलाही साडेचार. यावरचा सोपा इलाज म्हणजे मुलीमागून मुलगी तपासू नका, काम तपासा. आधी दहा जणींचं बीपी, मग दहा जणींचा ओव्हर.

इंग्रजीचं सांगायलाच हवं. लातूर-नंदुरबारकडून मराठी शाळेतून आलेली मुलगी केस प्रेझेंटेशनमध्ये अडखळते. तिच्या पेशंटला कालपासून लघवी कमी झालीय हे तिला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं, पण ते इंग्रजीत मांडेपर्यंत आपण घड्याळ बघत असतो. उलट केरळहून आलेली मुलगी इंग्रजीत तरबेज, पण आजींना 'तोंड कोरडं पडतंय का' हे तिला विचारता येत नाही आणि ती 'अबोल' ठरते. प्रेझेंटेशनमध्ये भाषेचे मार्क असतील तर ते वेगळे आणि थोडे ठेवा; पेशंट कळलाय का हे मराठीत विचारा. दुसरीला वॉर्डातली रोजची तीस-चाळीस वाक्यं शिकवा आणि मग संवादाचे मार्क द्या.

मुलग्यांचा प्रश्न लेबर रूम आणि पोस्टनेटल वॉर्डात येतो. पेशंट नको म्हणते, सिस्टर बाहेर उभं करतात, आणि शेवटी फॉर्मवर 'पुढाकार नाही' असं येतं. पुढाकाराला दार उघडं होतं का ते आधी पाहा. पेशंटने परवानगी दिली असेल तिथे स्त्री स्टाफसोबत उभं करायचं, बाकीचं लॅबमध्ये, आणि तसं लिहायचं.

आणि फायली. सीनियरची फाइल घेऊन नाव-वय बदललेला केअर प्लॅन, रंगीत शाईने अधोरेखित, कव्हरवर थर्माकोलची सजावट. त्याला दहापैकी नऊ देणारे आपणच आहोत. माझा नियम: लेखी कामाचे निम्मे मार्क बेडजवळच्या पाच मिनिटांना. 'या पेशंटचं आज सकाळचं पोटॅशियम किती, आणि फ्युरोसेमाइड चालू असताना ते का बघायचं?' (हे सूज उतरवायला लघवी वाढवणारं औषध, त्याने पोटॅशियम कमी होतं.) फाइलमधल्या पेशंटचे पाय सुजलेत आणि समोरच्याचे नाहीत, हे तिथे लगेच उघडं पडतं.

मधल्या आठवड्यात दहा मिनिटं

पोस्टिंग अर्धं झालं की प्रत्येकीला बाजूला बसवून वही दाखवा. पेशंटसमोर नाही, बाकीच्या मुलींसमोर नाही, नातेवाइकांसमोर तर नाहीच. आधी तिलाच विचारा की तुझ्या मते कोणती पायरी. बहुतेक मुली स्वतःला कमी धरतात. ज्या खूप जास्त धरतात त्यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. मग एक जमलेलं, एक न जमलेलं आणि पुढच्या आठवड्यात मी काय बघणार, एवढंच. दोघींची सही, तारीख. मागे पडणारीला शेवटच्या दिवशी पहिल्यांदा कळलं तर तो नापास निकाल तुमच्याही पदरी येतो. तिला लेखी सांगा, लॅबमध्ये सरावाची वेळ द्या, पुन्हा बघण्याची तारीख ठरवा.

चूक झाली तेव्हा

क्रम पक्का: आधी पेशंट, मग सिस्टर आणि डॉक्टरांना कळवणं, मग नोंद, आणि मार्कांचा विचार सगळ्यात शेवटी, दुसऱ्या दिवशी. तापलेल्या डोक्याने दिलेला शून्य टिकत नाही.

मार्क देताना तीन गोष्टी वेगळ्या करा. येत नसताना एकटीने केलं का? येत असताना हात चुकला का? आणि झाल्यावर काय केलं? संध्याकाळची गोळी दुपारी दिली गेली आणि मुलगी पाच मिनिटांत स्वतः येऊन सांगते, तर त्या कामाचे मार्क जातील, पण सचोटीच्या रकान्यात मी तिला पूर्ण मार्क देते आणि तसं तिला सांगते. जिने न घेतलेला टीपीआर चार्टवर भरला, ३७, ८०, १८, सगळ्या रांगेला तेच, तिथे कुणाला इजा झालेली नसली तरी मी ते जास्त गंभीर धरते. हा आकडा वाचून रात्री डॉक्टर निर्णय घेणार असतात.

बेरीज आणि तंटे

दोन ट्यूटर एकाच बॅचला असाल तर सुरुवातीला एकाच मुलीचं एकच काम दोघींनी बघा, न बोलता मार्क द्या आणि मग कागद उलटा. दोन पायऱ्यांचा फरक निघाला तर पट्टीतले शब्द सुधारा. शेवटी ओस्की (OSCE) ठेवा, म्हणजे ठरलेल्या स्टेशनांवर एकेक काम करून दाखवायची परीक्षा. वैद्यकीय शिक्षक रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत १९७५ मध्ये ही पद्धत मांडली ती याचसाठी, की सगळ्यांना तेच स्टेशन, तीच वेळ, तीच चेकलिस्ट मिळावी. पण ओस्कीत मुलगी दाखवण्यासाठी करते, वॉर्डात ती रोज काय करते ते वेगळं. दोन्ही लागतात, एकाने दुसऱ्याची जागा भरू नका.

अंतिम आकडा काढताना पहिली आणि शेवटची दोन-दोन निरीक्षणं शेजारी ठेवा. मी शेवटच्या निरीक्षणांना जास्त वजन देते, कारण पोस्टिंग शिकण्यासाठी असतं. पण हे वजन पहिल्या दिवशीच जाहीर केलेलं असतं. हजेरी वेगळी. क्लिनिकलची १०० टक्के हजेरी पदवीआधी भरावीच लागते, तेव्हा बुडालेल्या ड्युटीची शिक्षा पुन्हा वागणुकीच्या रकान्यात देऊ नका, एका गुन्ह्याला दोन दंड होतात.

मुलगी 'मला कमी का?' विचारत आली तर वही उघडा. नोंदीत चूक दिसली तर आकडा बदला, रडू आलं म्हणून बदलू नका. तरीही पटलं नाही तर तिला विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज करायचा मार्ग सांगा आणि वहीची प्रत जोडा. अर्ज केला म्हणून पुढच्या पोस्टिंगला तिच्याकडे तिरकं बघितलं जाणार नाही, हे पाहणं विभागप्रमुखांचं काम.

पुढच्या वॉर्डच्या ट्यूटरला मुलींबद्दल काय सांगायचं यावर आमच्यात नेहमी वाद होतो. माझं मत असं: मार्क सांगायचे नाहीत, स्वभाव सांगायचा नाही. फक्त कोणतं काम कोणत्या पायरीवर आहे आणि कोणाला काय अजून एकटीने करू द्यायचं नाही, एवढा कागद पाठवायचा. इंजेक्शनला अजून कुणीतरी शेजारी उभं राहायला हवं, ही माहिती पुढच्या ट्यूटरला पहिल्याच सकाळी लागते.